पाण्याला न विचारता

बूबकरना होडीत चढवायला त्या सकाळी तिघं लागली, आणि तिघांनी तीन बाजूंनी ओढल्यामुळे ते अर्धा मिनिट अधांतरीच राहिले.

"चढवा नाहीतर उतरवा," ते म्हणाले. "मधल्यामधे लोंबकळत ठेवू नका. तेवढं मी आठ महिने केलंय."

जानेवारीतल्या एका दुपारी लकव्याने त्यांचा डावा हात आणि डावा पाय गेला होता. हात पुढे बराचसा परत आला, पाय अर्धाच आला. तेव्हापासून ते अत्ताया गावातल्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि थोरला मुलगा आशूर समुद्रावरून परत आला की रोज एकच विचारत, "समुद्र कसा आहे?" आशूर म्हणे, "आहे तसाच आहे, बाबा." मग ते समाधानाने मान हलवत आणि बायकोला, सालहाला, चहा टाकायला सांगत. आठ महिने हे असंच चाललं होतं, आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता सप्टेंबर सरत आला होता. जूनपासून आमच्या बेटावर कुणी समुद्रात कुंपण घालत नाही. माशांनाही चार महिने जगू द्यावं लागतं. उन्हाळा सरला की खजुरीच्या ताज्या झावळ्या तोडायच्या, उथळ समुद्राच्या तळात एकीला एक लावून रोवायच्या आणि कुंपणाच्या टोकाशी विणलेले सापळे बसवायचे. यालाच शर्फिया म्हणतात. ओहोटीबरोबर खोल पाण्याकडे निघालेले मासे कुंपणाला अडतात, कुंपणाच्या कडेकडेने पोहत राहतात आणि आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या परांनी, सापळ्यात शिरतात. माणसाने माशाच्या मागे धावायचं नाही, जागा बरोबर निवडायची आणि वाट बघायची. बूबकरच्या घराण्याचा समुद्राचा तुकडा पाच पिढ्यांचा आहे, जमिनीचा असावा तसा, वारशाने आलेला.

काठावर सालहाने आशूरला बाजूला घेतलं. हातात जेवणाची टोपली होती: जवाची भाकरी, ऑलिव्ह, जिरं लावून उकडलेला ऑक्टोपस.

"आज त्यांना कुणी काही शिकवायचं नाही," ती म्हणाली. "ते बोट दाखवतील तिथे रोवायचं."

"उम्मी, पण ओहोळ सरकलाय. त्या जागी मासा नाही लागणार."

"मग परवा नीट कर. ओहोळ काय पळून जातोय? मी त्यांना आठ महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने दाढी करताना बघितलंय."

आशूरने टोपली घेतली आणि होडीत नेऊन ठेवली. फेब्रुवारीतल्या वादळाने समुद्राच्या तळातला खोल ओहोळ, ज्यातून ओहोटीचं पाणी वाहून जातं, शंभर पावलं पूर्वेला सरकवला होता. तेव्हा बाबा धड बोलूही शकत नव्हते. उम्मी म्हणाली, आत्ता नको सांगू, आणि त्याने नाही सांगितलं. मार्चमध्ये सांगायचं राहिलं, एप्रिलमध्ये लाज वाटली, आणि नंतर ते खोटं घरातल्या फर्निचरसारखं होऊन बसलं. सगळे त्याला वळसा घालून चालायचे.

होडीत चौघं होती. बूबकर, आशूर, मधली जलीला, जी गावच्या शाळेत शिकवते आणि घरातही शिकवायचं थांबवत नाही, आणि धाकटा हेदी. हेदी समुद्रापलीकडे स्फाक्सला फ्रिज दुरुस्त करतो. तो एका दिवसासाठी आला होता आणि संध्याकाळी पाचच्या बोटीने परत जाणार होता. हे त्याने सकाळपासून चारदा सांगितलं होतं.

"कळलं," जलीला म्हणाली. "स्फाक्समधले सगळे फ्रिज तुझी वाट बघत उघडे पडलेत."

"बंद पडलेत, उघडे नाही. तुला विज्ञान शिकवायला देतात ते बरोबर आहे का?"

बूबकर हसत होते. त्यांना ही दोघं भांडताना ऐकून बरं वाटत होतं. हेदी लग्न करून गेल्यापासून घरात ही जोडी जमली नव्हती, आणि तिन्ही मुलं एका होडीत तर बारा वर्षांत आली नव्हती.

---

त्यांच्या तुकड्यावर पोचल्यावर आशूरने शीड उतरवलं आणि सवयीने बसून राहिला. त्यांच्या घरची रीत होती. रोवण्याआधी एक पूर्ण ओहोटी नुसतं बसायचं. पाणी कुठून कुठे जातं, तळातलं गवत कोणत्या दिशेला कलतं, ते बघायचं. बूबकर याला पाण्याला विचारणं म्हणत. लहानपणी आशूरला या बसण्याचा इतका कंटाळा यायचा की तो होडीच्या फळीवरच्या रेघा मोजायचा. आता पन्नाशी उलटल्यावर वर्षातला तोच एक दिवस त्याला आपला वाटायचा.

"बसलास काय?" बूबकर म्हणाले. "पहार काढ."

"विचारायचं नाही, बाबा?"

"हेदीची बोट आहे पाचला. आणि बहात्तर वर्षं मी हे पाणी बघतोय. आज नाही विचारलं तर ते काही रुसणार नाही." त्यांनी मान वळवून काठाकडे बघितलं. मशिदीचा मिनार आणि शेजारची दोन खजुरीची झाडं एका रेषेत येईपर्यंत त्यांनी होडी मागेपुढे करायला लावली. मग उजवा हात लांब करून दाखवलं. "ही आपली रेघ. इथून तिकडे."

ती जुनीच रेघ होती. गेल्या साली अगदी बरोबर होती. आशूर मागच्या आठवड्यात एकटा येऊन ओहोटीभर बसला होता, त्यामुळे नवी रेघ कुठे हवी हे त्याला पक्कं माहीत होतं. परवा येऊन उपटू, त्याने मनाशी ठरवलं. दोनशे झावळ्या, एकट्याने, दोन दिवस. हातांची सालटी निघतील, पण बाबांचा आजचा दिवस राहील. हा हिशेब त्याला परवडण्यासारखा वाटला.

हेदी छातीभर पाण्यात उतरला, लाकडी पहारीने तळात भोक पाडलं, आणि बूबकरनी होडीच्या काठावरून वाकून पहिली झावळी त्यात उभी केली. जलीलाने मागून त्यांचा कमरपट्टा घट्ट धरला होता.

"बिस्मिल्ला," ते म्हणाले, आणि झावळी उभी राहिल्यावर बराच वेळ तिच्यावरून हात काढेनात.

मग काम सुरू झालं. हेदी भोकं पाडत होता, जलीला होडीतून झावळ्या देत होती, आशूर रोवत होता. बाबा वरून सूचना देत होते आणि तिघंही ज्या तत्परतेने "हो बाबा" म्हणत होती ती त्यांच्या बालपणी कधी दिसली असती तर सालहाचे केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते. सत्तरएक झावळ्या रोवून झाल्यावर होडीखालून खरखर आवाज आला.

हेदीने खाली बघितलं. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत उतरलं होतं. "खूया," तो थोरल्या भावाला म्हणाला, "होडी टेकली."

बाबांची मर्जी सांभाळण्याच्या नादात होडी खोल पाण्याकडे ढकलायची कुणालाच आठवण राहिली नव्हती. पाच पिढ्या ओहोटीवर जगणारं घराणं भर दुपारी आपल्याच समुद्रात चिखलावर बसलं होतं.

तिघांनी जोर लावला. होडी हलली नाही. भरती येऊन ती उचलली जायला चार वाजले असते, आणि स्फाक्सची बोट सुटते तो सिदी युसुफचा धक्का बेटाच्या दुसऱ्या टोकाला होता.

"माझी बोट गेली," हेदी म्हणाला.

"छान झालं," बूबकर म्हणाले. "आता भाकरी काढा."

---

जेवण झाल्यावर बूबकर होडीच्या तोंडाशी पाठ टेकून बसले आणि मुलांना म्हणाले, जरा गप्प बसा, मला बघू दे. मग ही तिघं झावळ्या तपासायचं निमित्त करून कुंपणाच्या दुसऱ्या टोकाकडे चालत गेली. पाणी आता गुडघ्याच्याही खाली होतं.

जलीलाच्या डोळ्यांना वह्या तपासायची सवय आहे. राहून गेलेली गोष्ट तिला आधी दिसते.

"आशूर, तू या बांधल्या का नाहीस?"

रोवलेल्या झावळ्या सुंभाने एकमेकींना बांधत जायच्या असतात, नाहीतर पहिल्या जोराच्या भरतीला त्या आडव्या होतात. होडीत सुंभाची दोन भेंडोळी तशीच पडली होती.

आशूरने इकडेतिकडे बघितलं, आणि मग सगळं सांगून टाकलं. ओहोळ, फेब्रुवारी, उम्मी, परवाचा बेत.

"म्हणजे आपण सकाळपासून खोटं कुंपण घालतोय?" हेदी म्हणाला. "आणि यासाठी मी बोट चुकवली?"

"हळू बोल."

"जा आणि तोंडावर सांग त्यांना. मी दिवसभर हेच बघतो, खूया. बिघाड छोटा असतो, लोक तो झाकून वापरत राहतात, आणि शेवटी मशीनच जातं."

"बाबा म्हणजे फ्रिज नव्हेत," जलीला म्हणाली. "आशूरचं बरोबर आहे. एक दिवसाचा आनंद आहे, मिळू दे त्यांना."

दोघांचं असं वाजलं, आणि आशूर गाळात पायाचा अंगठा फिरवत उभा राहिला. आपली बाजू बहीण मांडतेय याचं त्याला बरं वाटत होतं आणि भावाचं म्हणणं पटतही होतं.

वाद घालता घालता जलीलाने होडीकडे बघितलं. बाबा टोपी काढून बसले होते. पांढरे विरळ केस वाऱ्याने उडत होते आणि चेहऱ्यावर अगदी भाबडं सुख होतं. शाळेत नाटकाच्या दिवशी काही मुलांना बोलायचं काहीच नसतं, नुसतं झाड म्हणून उभं करतात, आणि तीही अशीच खूश असतात. आपल्याला उगाच उभं केलंय हे त्यांना ठाऊक नसतं.

"नाही," ती एकदम म्हणाली. "सांग त्यांना. आपण त्यांना खेळवतोय, आशूर. त्यांनी आपल्याला असं कधी खेळवलं नाही."

हेदीही तिकडेच बघत होता, आणि त्याने बाबांना इतकं शांत कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. "राहू दे," तो म्हणाला. "तूच म्हणत होतीस ना? राहू दे आजचा दिवस. परवा मी थांबतो, उपटायला मदत करतो."

"आत्ता तर तू सांग म्हणालास."

"आत्ता तर तू नको म्हणालीस."

आशूरला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. भाऊबहिणीची मतं बदलली, पण दोन्ही वेळा त्याच्या वाट्याला जे करायचं होतं ते कुणीच त्याच्यासाठी करणार नव्हतं.

---

बूबकर खरंच सुखात होते. पाठीला तापलेली फळी होती, तोंडात जिऱ्याची चव होती. गाळाचा तो खारट, कुजका वास, जो परक्या माणसाला नाक धरायला लावतो, त्यांनी आठ महिन्यांनी पोटभर घेतला. एक बगळा गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती. ओट्यावर बसून त्यांना वाटायचं की आपल्याशिवाय समुद्राचं काय होत असेल. काहीच होत नव्हतं. पाणी रोज दोनदा गेलं होतं, रोज दोनदा आलं होतं. या गोष्टीचं दुःख होईल असं त्यांना वाटलं होतं, पण उलट हलकं वाटलं. जी गोष्ट आपल्यावाचून चालते तिच्याकडे नुसतं बघायला मिळतं, राखण करावी लागत नाही. हम्दुल्लाह, ते पुटपुटले. पायासाठी म्हटलं, उरलेल्या अर्ध्या पायासाठी. सालहासाठी, जी आठ महिने त्यांना शिव्या देत देत चालायला लावत होती. चुकलेल्या बोटीसाठीही म्हटलं.

मग त्यांना गवत दिसलं.

तळातलं लांब हिरवं गवत ओहोटीने एका बाजूला कललं होतं. ते कुंपणावर आडवं यायला हवं होतं. पाणी कुंपणाला तिरकं धडकलं तरच मासा अडतो. इथे गवत कुंपणाला समांतर झोपलं होतं. पाणी झावळ्यांच्या कडेने सरळ निघून चाललं होतं, आणि मासाही तसाच जाणार होता, सलाम करून.

त्यांनी डोळे चोळले. पूर्वेकडे बघितलं. शंभर पावलांवर पाण्याचा रंग गडद होता. ओहोळ तिथे गेला होता.

माझी चूक झाली, हा पहिला विचार आला. विचारलं नाही, म्हणून झाली. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला, कारण त्यांची नजर झावळ्यांवर गेली आणि तिथेच थांबली. एकही बांधलेली नव्हती. आशूरने आयुष्यात एक झावळी मोकळी सोडली नव्हती. ज्याला उद्या उपटायचं असतं तोच बांधत नाही.

हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः हेच केलं होतं. त्यांचे वडील हमीदा तेव्हा थकले होते, त्यांनी रेघ चुकीची दाखवली. बूबकर "हो बाबा" म्हणाले, झावळ्या रोवल्या, बांधल्या नाहीत, आणि दोन दिवसांनी गुपचूप जाऊन हलवल्या. पुढच्या वर्षी हमीदा म्हणाले, माझे गुडघे दुखतात, तूच जा. त्यानंतर ते होडीत बसले नाहीत. आपण त्यांचा मान राखला असं बूबकर इतकी वर्षं समजत होते. होडीच्या याच टोकाला बसून हमीदांनीही मोकळ्या झावळ्या बघितल्या असणार, हे त्यांच्या मनात आज पहिल्यांदा आलं.

राग यायला हवा होता, पण आला नाही. वडिलांची इतकी आठवण आली की त्यांना हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसावं लागलं.

"आशूर," त्यांनी हाक मारली.

तिघंही लगबगीने आली.

"सुंभ संपला का?"

"नाही, बाबा."

"मग बांधल्या का नाहीस?"

हेदीने जलीलाकडे बघितलं, जलीलाने पाण्याकडे.

"ओहोळ सरकलाय," आशूर म्हणाला. "फेब्रुवारीतल्या वादळात. मी तुमच्याशी खोटं बोललो. रोज बोललो."

"उम्मीनेच—" जलीलाने सुरुवात केली.

"उम्मीचं मी घरी बघतो. तिला घाबरतो, पण बघतो." बूबकरनी होडीच्या काठावर हात टेकला. "परवा येऊन उपटणार होतास?"

"हो."

"एकट्याने?"

"मी पण येणार होतो," हेदी म्हणाला.

"तू? तुझे फ्रिज?" ते हसले, आणि मग हसायचे थांबले. "तुझ्या आजोबांबरोबर मी हेच केलं, आशूर. याच पाण्यात. ते नंतर नऊ वर्षं जगले. रोज रात्री आम्ही एका ताटात जेवलो, आणि या गोष्टीबद्दल एक शब्द बोललो नाही. ते माझ्याशी प्रेमाने वागले, मी त्यांच्याशी आदराने वागलो, आणि त्यांना समुद्रावर परत कधी येता आलं नाही. का, ते मला आज कळतंय."

"मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"माहीत आहे. आठ महिने मला झोप लागली ती तुझ्या त्या खोट्यावर. त्याचे उपकार मानतो मी, मनापासून. पण आता पुरे. मला पुढच्या वर्षीही इथे यायचंय. गुडघे दुखतात म्हणून घरी बसायचं नाहीये." त्यांनी झावळ्यांकडे बोट केलं. "उपटा. माझ्यासमोर उपटा. पाणी उतरलंय तोवर तुझ्या रेघेवर लावून होतील."

आशूरने वाकून बाबांच्या उजव्या हाताचं चुंबन घेतलं, ईदला घेतात तसं, आणि पहिल्या झावळीकडे वळला. बाबांनी रोवलेली ती पहिली झावळी. ती उपटताना त्याचा हात अडखळला तेव्हा मागून आवाज आला, "ओढ, ओढ. खजुरीची आहे, माझी बरगडी नव्हे."

सत्तर झावळ्या उपटायला वेळ लागला नाही. बांधलेल्या नव्हत्या, हे एक बरं होतं. नवी रेघ होडीपासून बरीच लांब होती, म्हणून सगळा भारा ओढत न्यावा लागला. हेदीने पहार खांद्यावर घेतली आणि स्फाक्सला बायकोला फोन करून सांगितलं की आज नाही, उद्याही नाही बहुतेक.

मग बूबकर म्हणाले, "मला उतरवा."

"बाबा, गाळ आहे," जलीला म्हणाली.

"गाळ आहे म्हणूनच पडलो तर लागणार नाही. उतरव."

तिने आणि हेदीने त्यांना पोटरीभर पाण्यात उभं केलं. डाव्या पायाला नीट कळतही नव्हतं की तो कुठे आहे. जलीलाच्या खांद्यावर भार टाकून ते शंभर पावलं चालले, दर दहाला थांबत, आणि थांबले की त्यांना आवडेल तितका वेळ थांबत. कुणी घाई केली नाही. बगळा थोडा बाजूला सरकला आणि पुन्हा उभा राहिला.

आशूर त्याच्या रेघेवर पोचला होता. हेदीने पहिलं भोक पाडलं. झावळ्या देण्याचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्याचं असतं. हमीदांच्या काळात ते बूबकरचं होतं, नंतर हेदीचं झालं. जलीला भाऱ्याकडे वळली तेव्हा बूबकरनी तिला अडवलं. त्यांनी स्वतः वाकून, तिचा खांदा न सोडता, भाऱ्यातली एक झावळी उचलली. ओल्या झावळीचं वजन त्यांच्या हाताला झेपत नव्हतं. त्यांनी ती मुलापुढे धरली.

"कुठे हवी?" त्यांनी विचारलं.

बावन्न वर्षांत बाबांनी आशूरला हा प्रश्न विचारला नव्हता. त्याने पाण्याकडे बघितलं, गवताकडे बघितलं, आणि मग त्यांच्याकडे.

"इथे, बाबा," तो म्हणाला. "थोडी डावीकडे."

बूबकरनी झावळी थोडी डावीकडे धरली.